आज्जाला ‘दवाखाना’ येतो, मग ‘पाणी’ का येत नाही?

सांगा बघू, ‘पाणी’ हा शब्द सोपा की ‘दवाखाना’?

हसू नका. आमच्या शेजारच्या बाळाला अजून धड चालता येत नाही, पण ‘पाणी’ म्हणता येतं. ‘दवाखाना’ म्हणायला सांगा, नुसती लाळ गळते. आणि माझा आज्जा, ज्याच्या आवाजाला कधी लाउडस्पीकर लागला नाही, तो पाण्याचा पेला समोर असून ‘पाणी’ म्हणू शकत नव्हता. ‘दवाखाना’ मात्र झटक्यात म्हणायचा. हे असं उलटं का? या कोड्याचं उत्तर शोधताना मी शास्त्रज्ञ झाले, असं मी म्हणते. आई म्हणते, आगाऊ झाले. तुम्हीच ठरवा.

मी कस्तुरी पाटील. आमचं गाव कोनहाळ, महाराष्ट्र संपतो आणि कर्नाटक सुरू होतो तिथे. नक्की कुठे संपतो ते फक्त मोबाइलला कळतं. आमच्याकडे डेअरीचं दूध आता ड्रोन उचलून नेतात, ऊसतोडणीचं यंत्र एकटंच रानात जातं आणि एकटंच परत येतं. गावातली कुत्री अजून त्याच्यावर भुंकतात, कारण आत बसलेला माणूस त्यांना दिसत नाही. पण एवढं सगळं बदललं तरी यात्रेतलं कुस्तीचं मैदान बदललेलं नाही. तीच लाल माती, तीच हलगी आणि गेली कित्येक वर्षं तोच निवेदक (मैदानात उभा राहून कुस्त्यांची माहिती सांगणारा माणूस). तो म्हणजे माझा आज्जा, बाळगोंडा पाटील.

आमच्या मैदानाची एक रीत आहे. शेवटची, नंबर एकची कुस्ती लावायची तर दोन्ही पैलवानांना आखाड्याच्या मधे उभं करतात. मग निवेदक त्यांची ओळख करून देतो आणि सगळ्या मैदानाला विचारतो, “लावू का कुस्ती?” मैदानातून होकाराची आरोळी उठली की हलगी कडाडते आणि मगच पंच बाजूला होतो. त्या एका प्रश्नासाठी आज्जा वर्षभर घसा जपायचा. थंड सरबत पीत नसे, आणि आईशी भांडणही हळू आवाजात करायचा.

आणि यंदा उन्हाळ्याच्या तोंडावर त्याला वाचाघात झाला (मेंदूच्या एखाद्या भागाला रक्त न पोचल्याने तिथे इजा होते आणि बोलायचे शब्द सापडेनासे होतात, तो आजार). हातपाय शाबूत होते. डोकंही तल्लख होतं. पत्ते खेळताना मी लबाडी केली की तो अजून लगेच पकडायचा. फक्त शब्द यायचे नाहीत. ओठांपर्यंत यायचे आणि तिथून परत जायचे.

दवाखान्यातून आम्हाला एक शिकवणारा यंत्रमानव मिळाला. उंचीने कुकरएवढा, रंगाने पोपटी, म्हणून मी त्याचं नाव राघू ठेवलं. तो चित्र दाखवायचा, आज्जाने नाव सांगायचं. बरोबर आलं तर हिरवा दिवा, चुकलं तर लाल. पहिल्या दिवशी त्याने विचारलं होतं, “रुग्णाची भाषा कोणती?” आई म्हणाली, “मराठी.” इथेच सगळी गंमत झाली, पण ते आम्हाला कुठे माहीत होतं?

कारण आमच्या घरात भाषा दोन आहेत. आज्जी हुक्केरीकडची, तिचं माहेर पूर्ण कन्नड. आज्जा लहानपणापासून दोन्ही बोलणारा. लग्न झाल्यापासून ती दोघं आपसात कन्नडच बोलतात, भांडतात तेही कन्नडमधे, म्हणजे सुनेला कळायला नको. आई साताऱ्याची आहे. तिला कन्नडमधलं फक्त ‘ऊटा’ कळतं, म्हणजे जेवण.

आज्जाचा पहिला धडा सुरू असताना आज्जी काहीतरी कन्नडमधे बोलली, तेव्हा राघू म्हणाला, “गोंगाट होत आहे. कृपया शांतता राखा.”

आई घाबरली. ती आज्जीला म्हणाली, “आत्ती, थोडे दिवस मामंजींसमोर कन्नड नको बोलायला. आधीच डोकं थकलंय त्यांचं. दोन भाषांचा गोंधळ कशाला?”

बोलणं काळजीपोटी होतं, कुणालाही पटेल असंच होतं. आज्जीलाही पटलं. ती गप्प झाली. मराठी तिला येतं, पण नवऱ्याशी मराठीत काय बोलायचं ते तिला सुचेना. मग ती गोठ्यात जाऊन म्हशीशी बोलू लागली. म्हशीला भाषेची काही अडचण नव्हती.

इकडे राघूचे धडे चालू होते. पाण्याच्या पेल्याचं चित्र आलं.

“नी… नी…” आज्जा म्हणाला.

लाल दिवा. “चूक. पुन्हा प्रयत्न करा.”

“नी…” आज्जाने स्वतःच मान हलवली आणि तोंड मिटून घेतलं.

दवाखान्याच्या इमारतीचं चित्र आलं. “दवाखाना!” हिरवा दिवा. खुर्ची दाखवली, “खुर्ची!” हिरवा. दूध दाखवलं, लाल. झाड दाखवलं, लाल. कागद दाखवला, हिरवा. मी शेजारी बसून बघत होते आणि मला काही सुधरत नव्हतं.

अशात एक दिवस मैदान कमिटीचे अध्यक्ष आप्पासाहेब नाईक घरी आले. चहा घेतला, तब्येतीची चौकशी केली आणि कपातल्या उरलेल्या चहाकडे बघत म्हणाले, “आण्णा, यंदा तुम्ही इश्रांती घ्या. आम्ही मशीनचा आवाज लावतो. तुमच्या जुन्या रेकॉर्डिंगवरनं हुबेहूब तुमच्यासारखा बनवून देतात म्हणे.”

आज्जा उठून उभा राहिला. त्याला काहीतरी सांगायचं होतं. गळ्याच्या शिरा ताणल्या, हात वर गेला, पण शब्द आला नाही. आप्पासाहेब भला माणूस आहे, त्यांनी मान खाली घातली. ते गेल्यावर आज्जाने डोक्यावरचा पांढरा पटका काढला, खुंटीला अडकवला आणि भिंतीकडे तोंड करून रडला. मी त्याला कधी रडताना पाहिलं नव्हतं. मला राघूचा राग आला, मशीनच्या आवाजाचा राग आला आणि सगळ्यात जास्त त्या ‘पाणी’ शब्दाचा आला. यात्रा होईपर्यंत हे कोडं सोडवायचंच, असं मी ठरवलं.

आधी वाटलं, आज्जाला लांबलचक शब्द येत असतील. पण ‘तूप’ येत होतं, आणि ‘तूप’ केवढंसं! मग वाटलं, घरातल्या वस्तू येत असतील. पण मीठ घरातच असतं, ते येत नव्हतं. रोजच्या वापरातले म्हणावं, तर दूध रोज लागतं आणि दवाखाना काही रोज लागत नाही. माझे सगळे अंदाज एकेक करून आडवे झाले. शास्त्रज्ञाचं असंच होतं म्हणे, पण तेव्हा मला तसं वाटलं नाही. तेव्हा मला ढ असल्यासारखं वाटलं.

मी तोंड पाडून गोठ्यात गेले. आज्जी म्हशीला पेंड घालता घालता गाऱ्हाणं सांगत होती. मला कन्नड थोडं कळतं, बोलता येत नाही. म्हणजे भरधाव कन्नडमधले अधलेमधलेच शब्द मला पकडता येतात. मी नुसती ऐकत उभी राहिले. आज्जीच्या बोलण्यातून माझ्या कानावर आलं, ‘दवाखाने’. मग ‘कुर्ची’. मग ‘तुप्प’. मग ‘कागद’.

मी जागच्या जागी थिजले. हे तर आज्जाचे शब्द! त्याला येणारे सगळे!

“आज्जी, दवाखान्याला तुमच्यात दवाखानेच म्हणतात?”

“मग आणि काय म्हणायचं?”

“आणि खुर्ची म्हणजे कुर्ची, तूप म्हणजे तुप्प?”

“व्हय की. काय झालंय तुला?”

“दुधाला काय म्हणता?”

“हालु.”

“झाड?”

“मरा.”

“आणि पाणी?”

“नीरु,” आज्जी म्हणाली. तिच्या हातातली पेंड तशीच राहिली. माझ्याकडे बघत ती सावकाश म्हणाली, “अगं बाई. नी… नी… म्हणत होते ते.”

आम्ही दोघी पळतच घरात आलो. आज्जीने तांब्याभर पाणी आणलं, आज्जाच्या समोर बसली आणि इतक्या दिवसांनी पहिल्यांदा त्याच्याशी आपल्या भाषेत बोलली, “नीरु बेकेन्री?” म्हणजे, पाणी हवंय का?

आज्जाने तिच्याकडे पाहिलं. मग खणखणीत आवाजात म्हणाला, “नीरु!”

राघू पेल्याचंच चित्र दाखवत होता. लाल दिवा लागला. “चूक. पुन्हा प्रयत्न करा.”

“तूच चूक!” मी राघूवर ओरडले. “तो बरोबर सांगतोय. कन्नडमधे सांगतोय!”

राघूचा दिवा थोडा वेळ ना लाल ना हिरवा, नुसताच लुकलुकला. मग तो म्हणाला, “रुग्णाला दोन भाषा येतात?”

“हो!”

“ही माहिती मला कुणी दिली नव्हती. मला एक भाषा सांगितली गेली. मी दुसरी भाषा गोंगाट समजून गाळत होतो, मोटारीच्या हॉर्नसारखी.”

“माझ्या बोलण्याला हॉर्न म्हणतोय!” आज्जी म्हणाली. पण ती हसत होती.

मी राघूला माझा शोध सांगितला. दोन्ही भाषांत सारखे असलेले शब्द आज्जाला येतात, वेगळे असलेले मराठी शब्द येत नाहीत. मला वाटलं, तो थक्क होईल. तो म्हणाला, “हे मेंदूशास्त्रात माहीत आहे. अशा शब्दांना आपण सामाईक शब्द म्हणू (दोन्ही भाषांत उच्चार जवळजवळ सारखा आणि अर्थही तोच असलेले शब्द).”

“माहीत होतं तर सांगितलं का नाहीस?”

“मला कुणी विचारलं नाही.”

याला म्हणतात काखेत कळसा.

तेवढ्यात आई कामावरून आली. तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, “योगायोग असेल, कस्तुरी. काहीतरीच खूळ घेऊ नको डोक्यात.”

“मग परीक्षा घेऊ,” राघू म्हणाला. “योगायोग आहे की नाही, ते परीक्षेत कळतं. रुग्णाची नको, तुमची. तुम्हाला फक्त मराठी येतं. तुमच्या सासूबाईंना दोन्ही येतात. मी चित्रं दाखवतो, दोघींनी मराठी नाव सांगायचं. कोण किती झटकन सांगतं ते मी मोजतो.”

आई आणि आज्जी शाळेतल्या मुलींसारख्या मांडी घालून बसल्या. आज्जाला इतका आनंद झाला की तो पंचाच्या जागी जाऊन बसला. चित्रं भराभर येऊ लागली. चमचा, मीठ, गुंडी, घोडा, कागद, डोळा, खुर्ची, माती. आईचा वेग सगळ्या शब्दांना सारखाच. आज्जीचं मात्र वेगळंच दिसलं. घोडा, डोळा, माती म्हणताना ती कणभर अडायची, डोळ्यांना दिसणारही नाही इतकी कमी, पण राघूने ते टिपलं. चमचा, गुंडी, कागद आले की मात्र पापणी लवायच्या आत उत्तर. मराठी शब्द आज्जीने घरात शिकलेला असो की बाजारात, तो कन्नडसारखा असला की तिच्या तोंडून आधी सुटायचा.

“असं का?” आईने विचारलं. तिच्या आवाजातलं ‘खूळ’ गेलं होतं.

आता राघूला खरा हुरूप आला. तो म्हणाला, “आपल्याला वाटतं, दोन भाषा म्हणजे डोक्यातली दोन कपाटं. मराठी बोलताना कन्नडचं कपाट बंद. माझ्यात तसं असतं. माझ्या आत भाषेचं बटण आहे, एक दाबलं की दुसरी बंद. पण माणसाच्या मेंदूत असं बटण नाही. दोन भाषा येणारा माणूस एक भाषा बोलत असला तरी दुसरी आत जागी असते.”

“जागी म्हणजे?”

“मेंदूत चेतापेशी असतात (एकमेकींना निरोप पोचवणाऱ्या बारीक पेशी). एखादी वस्तू पाहिली की तिचा अर्थ ओळखणाऱ्या पेशी जाग्या होतात आणि तिथून निरोप शब्दाकडे जातो. गावातल्या पायवाटांसारखं समजा. पाण्याच्या अर्थापासून दोन वाटा निघतात. एक ‘पाणी’कडे जाते, एक ‘नीरु’कडे. दोन्ही वेगळ्या. पण खुर्चीच्या अर्थापासून निघालेल्या दोन्ही वाटा जवळजवळ एकाच ठिकाणी पोचतात. मराठी बोलताना चाललात तरी तीच वाट, कन्नड बोलताना चाललात तरी तीच. दुप्पट पावलं पडतात, वाट रुंद होते. शिवाय दोन्ही भाषा जाग्या असल्याने निरोपाला दोन्हीकडून ढकलायला मदत होते. म्हणून सामाईक शब्द लवकर येतात.”

“म्हणजे आज्जाची ‘पाणी’ची वाट पुरात वाहून गेली,” मी म्हणाले, “पण ‘खुर्ची’ची वाट रुंद होती म्हणून टिकली!”

“बरोबर. आणि ‘नीरु’ची वाट बरीचशी टिकलेली होती. पण तिच्यावर लाल दिवा लावून ठेवला होता.”

आई उठली आणि आज्जीच्या पायाशी जाऊन बसली. आज्जीने तिच्या डोक्यावर टपली मारली आणि म्हणाली, “तू मुद्दाम केलंस काय? उठ, चहा टाक. आणि चहालापण आमच्यात चहाच म्हणतात.”

“पण हे शब्द आले कुठून?” मी विचारलं. “कन्नडनं मराठीकडून घेतले, की मराठीनं कन्नडकडून?”

“काही इकडून तिकडे गेले, काही तिकडून इकडे आले,” राघू म्हणाला. “‘दवाखाना’ आणि ‘कागद’ तर दोघींनीही फारसीच्या घरून आणले.”

“शेजारणी विरजण मागून नेतात तसं,” आज्जी म्हणाली. “परत कोण देतंय?”

राघूने एक इशाराही दिला, तो मला आवडला, कारण मास्तर लोक सहसा स्वतःच्या सिद्धान्ताविरुद्ध बोलत नाहीत. तो म्हणाला, “सगळ्या रुग्णांचं असंच होईल असं नाही. इजा कुठे झाली त्यावर ते ठरतं. शिवाय आवाज सारखा पण अर्थ वेगळा, अशा शब्दांना मेंदू उलट अडखळतो.” आज्जीने लगेच साक्ष दिली. कन्नडमधे ‘तायी’ म्हणजे आई. ती नवी नवरी असताना सासरी सगळे धाकट्या नणंदेला ताई म्हणायचे, तेव्हा कित्येक दिवस तिला क्षणभर थांबून विचार करावा लागायचा. आणि राघूच्या सिद्धान्ताला आज्जानेही एक टोला दिला. ‘ताक’ हा शब्द कन्नडमधे अगदी वेगळा आहे, मज्जिगे. तरी आज्जा मराठीत ‘ताक!’ असं ठणकावून म्हणाला आणि ते मिळेपर्यंत म्हणतच राहिला. आवडीच्या शब्दांच्या वाटाही पक्क्या असतात, असं राघूने कबूल केलं.

त्या दिवसापासून राघू दोन्ही भाषांना हिरवा दिवा देऊ लागला. आज्जी गोठ्यातून घरात आली. म्हैस थोडे दिवस रुसली, दूध कमी दिलं. आज्जाचे शब्द मात्र वाढू लागले. एकेकटे शब्द यायचे, पण वाक्य जमायचं नाही. आणि निवेदकाला वाक्य लागतं. यात्रा तर तोंडावर आली होती.

म्हणून मी आज्जाची जुनी रेकॉर्डिंग काढली. तो मैदानात बोलतो ते मी जन्मापासून ऐकत आले होते, पण कान देऊन कधी ऐकलं नव्हतं. इतर गावांत निवेदक एक वाक्य मराठीत सांगतात, मग तेच कन्नडमधे. आज्जा तसं करत नसे. त्याचं बोलणं असं होतं:

“ऐका मंडळी, आजची ही जोडी नोड्री, हेंग निंतार पैलवान, जसे दोन डोंगर समोरासमोर!”

‘नोड्री’ म्हणजे बघा. ‘हेंग निंतार’ म्हणजे कसे उभे आहेत. सुरुवात मराठीत, शेवट मराठीत, मधे कन्नड. आणि मैदानातल्या एकालाही काही चुकल्यासारखं वाटायचं नाही. मी ते वाक्य पुन्हा पुन्हा लावलं आणि एकदम माझ्या लक्षात आलं. ‘जोडी’ दोन्ही भाषांत आहे. ‘पैलवान’ दोन्ही भाषांत आहे. आज्जा भाषा बदलतो ती बरोबर या शब्दांपाशी!

“राघू, हे बघ. सामाईक शब्द आला की तो वळतो.”

“हेही संशोधकांनी पाहिलेलं आहे,” राघू म्हणाला. मी डोळे वटारले, तेव्हा तो घाईने म्हणाला, “पण तू स्वतः शोधलंस. सामाईक शब्द हा तिठा असतो. तिथे दोन्ही भाषांच्या वाटा भेटतात, म्हणून तिथून दुसऱ्या भाषेत शिरणं सोपं जातं. बोलणाऱ्याला ते कळतही नाही.”

मग आम्ही नुसती चित्रांची नावं घोकायचं सोडून दिलं आणि तिठ्यांचा सराव सुरू केला. मी ‘मैदान’ म्हणायचे. त्यापुढे आज्जाला जी भाषा येईल ती तो बोलायचा. ‘मैदान भरलंय’ आलं तरी हिरवा, ‘मैदान तुंबैती’ आलं तरी हिरवा. अडला की शब्द सांगायचा नाही, असं राघूने बजावलं होतं. शब्द तोंडात कोंबला की वाट तयार होत नाही. फक्त जवळच्या तिठ्यापर्यंत हात धरून न्यायचं.

आप्पासाहेबांनी सरावाचं ऐकलं आणि शेवटच्या कुस्तीपुरतं कबूल केलं. पण मशीनचा आवाज तयार ठेवायचा, ही अट घातली. “आण्णा अडले तर मी बटण दाबणार. भर मैदानात त्यांचं हसं झालेलं मला बघवणार नाही,” ते म्हणाले. ते खरंच बोलत होते.

यात्रेच्या दिवशी ऊन कलल्यावर मैदान गच्च भरलं. अर्धे लोक इकडचे, अर्धे तिकडचे. मशीनच्या आवाजाने बारक्या कुस्त्या लावल्या. आवाज हुबेहूब आज्जाचाच होता, पण तो एका वेळी एकच भाषा बोलायचा. मराठी चालू असताना तिकडचे लोक शेंगा फोडायचे, कन्नड सुरू झालं की इकडचे. मग नंबर एकची जोड आखाड्यात उतरली. आज्जीने आज्जाच्या डोक्यावर पटका बांधला. आज्जा लाल मातीत उतरला, वाकून चिमूटभर माती कपाळाला लावली आणि माइक हातात घेतला.

इकडचे-तिकडचे सगळे माना उंचावून बघू लागले.

“ऐका मंडळी,” आज्जा म्हणाला. सगळ्यांनी श्वास सोडला. “ऐका… आज… आज…”

आणि वाट संपली. त्याचे ओठ हलत होते, आवाज नव्हता. आप्पासाहेबांचा हात बटणाकडे सरकला. आज्जा माझ्याकडे बघत होता. मला वाक्य येत होतं, जिभेवर होतं, पण द्यायचं नव्हतं. तिठा! जवळचा तिठा कुठे आहे? माझी नजर हलगीवाल्या मारुतीमामांवर गेली. मी दोन्ही हातांनी वाजवल्याची खूण केली. मामा चमकले. रीत मोडायची? प्रश्न विचारायच्या आधीच हलगी? पण ते आज्जाला जन्मभर ओळखत होते. त्यांनी टिपरू उचललं आणि एकच थाप दिली. कड्डाड!

आज्जाने मान वळवली. “हलगी,” तो म्हणाला. मग मोठ्याने, “हलगी बारसो, मारुती! हलगी वाजव! आजची जोडी… जोडी नोड्री, हेंग निंतार पैलवान, पैलवान कसले, डोंगर! कुस्ती… कुस्ती नोड्री, यारु गेल्तार? कोण जिंकतोय? या मैदानात… मैदान तुंबैती, मंडळी!”

जुन्यासारखं सुरळीत नव्हतं ते. तो थांबत होता, श्वास घेत होता, एका तिठ्यावरून दुसऱ्या तिठ्यावर उडी मारत होता. पण कुणीही शेंग फोडली नाही. इकडच्यांना जे कळत नव्हतं ते पुढच्या शब्दात कळत होतं आणि तिकडच्यांचंही तसंच. आज्जाने दोन्ही हात वर केले.

“लावू का कुस्ती?”

जी आरोळी उठली, तिने दुधाचा ड्रोनसुद्धा वरच्या वर हेलकावला, असं मी म्हणते. आई म्हणते, वारा होता. आप्पासाहेबांनी बटणावरचा हात काढला आणि त्याच हाताने डोळे पुसले.

कुस्ती झकास झाली, पण ती मी पाहिलीच नाही. मी आज्जाला बघत होते. राघू माझ्या काखेत होता. तो म्हणाला, “दवाखान्यात माझ्यासारखे आणखी यंत्रमानव आहेत. मी त्यांना निरोप पाठवला आहे. आता आम्ही पहिल्या दिवशी ‘भाषा कोणती’ असं विचारणार नाही. ‘घरात कोणकोणत्या भाषा बोलतात’ असं विचारू.” कुठल्या तरी घरात कुणाची तरी आज्जी गोठ्यातून परत येईल, असं मला वाटलं आणि फार बरं वाटलं.

आज्जा घामाघूम होऊन आमच्याकडे आला. घसा पार बसला होता. तो आज्जीसमोर उभा राहिला, तिच्या हातातल्या तांब्याकडे बोट केलं आणि अगदी सहज म्हणाला,

“पाणी.”

मी किंचाळले. राघूचा हिरवा दिवा इतका जोरात लागला की डोळे दिपले. आई तोंडाला पदर लावून रडायला लागली.

आज्जीने मात्र तांब्या पाठीमागे लपवला. इतके दिवस लाल दिवे सोसले होते तिने, एवढ्यात कशी सोडेल? ती डोळे बारीक करून म्हणाली,

“चूक. नीरु म्हणा, नीरु अन्री!”